आई आमच्याकडेच असते

भारतातली माणसं सरासरी अठ्ठ्याण्णव वर्षं जगणार, असं ज्या दिवशी जाहीर झालं, त्या दिवशी नागपूरच्या जनवेध केंद्रात पेढे वाटले गेले. वाटणारी रेवती गावंडेच होती, कारण आकडा तिच्याच विभागाने काढलेला. कॅन्टीनवाल्यापासून संचालकांपर्यंत सगळ्यांनी दोन-दोन पेढे उचलले, आणि एकाच्याही डोक्यात हा साधा प्रश्न आला नाही, की बुवा, इतकं जगून ही माणसं राहणार कुठे?

तो प्रश्न काही महिन्यांनी सरकारच्या डोक्यात आला. आणि सरकारच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की तिचा कायदा होतो, हे काय सांगायला हवं?

जनवेध ही देशाचं भविष्य सांगणारी यंत्रणा. पत्रिका बघून नव्हे हो, माणसं मोजून. आज किती माणसं कुठल्या वयाची आहेत, किती जन्मतात, किती जातात, यावरून पुढच्या पंचवीस वर्षांत किती शाळा लागतील, किती दवाखाने, किती हात कमावतील आणि किती तोंडं खातील, हे ती सांगायची. आणि २०५३ साली ती सांगत होती, की अजून वीस-पंचवीस वर्षांत दर दोन कमावत्या माणसांमागे सांभाळायला तीन म्हातारे असतील. घरोघरी कोणीतरी नोकरी सोडून उशाशी बसेल, कारखाने रिकामे पडतील आणि देश मटकन खाली बसेल.

म्हणून ज्येष्ठ निवास विधेयक आलं. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाने विसावानगरात राहायला जायचं. तिथे प्रत्येक मजल्यावर सेवायंत्रं, चोवीस तास डॉक्टर, वेळेवर जेवण. भेटायला महिन्यातून एक रविवार. सुरुवात विदर्भापासून, मेळघाटच्या पायथ्याशी उभ्या राहिलेल्या पहिल्या विसावानगरापासून. हिवाळी अधिवेशनात मतदान होणार आणि उन्हाळ्याच्या आत माणसं हलवणार. सूट कोणालाही नाही.

रेवतीच्या आईला, पुष्पाबाईंना, सत्त्याहत्तरावं लागलेलं होतं.

पुष्पाबाई म्हणजे एसटीच्या जुन्या कंडक्टर. अकोला-नागपूर मार्गावर त्यांनी उभ्याने जन्म काढला, आणि त्यांचा आवाज अजूनही गाडीच्या शेवटच्या बाकड्यापर्यंत पोचेल असा होता. नवरा लवकर गेला, तीन पोरं एकटीने वाढवली. मोठा भूषण अकोल्याला, मधली रेवती नागपूरला, धाकटा तेजस वर्ध्याला. आता त्या तिघांकडे पाळीपाळीने राहायच्या. अक्षय्य तृतीयेला अकोला, पोळ्याला नागपूर, संक्रांतीला वर्धा. तिथ्या त्यांनीच ठरवून दिलेल्या आणि त्यात एक दिवस इकडचा तिकडे चालायचा नाही.

पोळ्यापासून त्या रेवतीकडे होत्या. विधेयकाची बातमी लागली तेव्हा दोघी जेवत होत्या.

"हे विसावानगर म्हणजे डेपोच दिसते की गं," पुष्पाबाई म्हणाल्या. "जुन्या गाड्या लावून ठेवतात तसा."

"आई, चांगल्या सोयी आहेत तिथे."

"हाव, असतील ना. डेपोतही असतात." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "आणि मले डेपोत पाठवणारी कोण, तर माझीच पोरगी. लोकांच्या पोरी सासरी जाताना रडतात, मी म्हातारपणी पोरीमुळं सासरी चालली!"

त्या खो खो हसल्या. मग हसता हसता थांबल्या आणि उठून हात धुवायला गेल्या. नळ बराच वेळ चालू राहिला. रेवतीने आयुष्यभर खरे आकडे काढले, कधी कोणाच्या दबावाला भीक घातली नाही, आणि त्याचं फळ हे! नोकरीवर लाथ मारली असती तरी काही होणार नव्हतं. आकडा कोणी काढला याने आकडा बदलत नाही.

तिने संचालकांना विचारून पाहिलं. डॉ. मंदार काळमेघ हे तिरकस बोलणारे पण सरळ वागणारे गृहस्थ होते.

"मॅडम, माझेही वडील ब्याऐंशीचे आहेत," ते म्हणाले. "आपणच आपल्या माणसांना वगळलं, तर उद्या लोक आपल्याला जोड्याने मारतील. आणि बरोबरच करतील."

रेवती आपल्या टेबलाशी परत आली.

आता ही मोजणी कशी व्हायची, ते थोडं सांगायला हवं, कारण सगळी मेख तिथेच होती. नावागावानिशी होणारी जनगणना बंद पडून बरीच वर्षं झाली होती. प्रत्येकाची सगळी माहिती सरकारच्या एका खिशात नको, असं न्यायालयाने बजावलं होतं, आणि लोकांनाही ते पटलं होतं. मग मोजायचं कसं? तर प्रत्येक घराच्या फरशीखाली एक कंपनडबी बसवलेली होती. ती मुळात भूकंपासाठी. जमीन हलली की गॅस आणि वीज आपोआप बंद करायची. पण डबीला घरातल्या माणसांची पावलंही कळत. तरणा माणूस टाच आपटत, भराभर चालतो. वय झालं की तोल सांभाळायला दोन्ही पाय जमिनीवर जरा जास्त वेळ टेकलेले राहतात, पाऊल आखूड पडतं. नुसत्या चालीवरून घरात किती ज्येष्ठ माणसं आहेत, हे डबी बिनचूक ओळखायची.

पण चाल ही बोटाच्या ठशासारखीच असते, ज्याची त्याची वेगळी. म्हणून न्यायालयाने आणखी एक अट घातली, की कोणाचीही चाल घराबाहेर जाता कामा नये. डबीने फक्त एवढंच कळवायचं: या घरात ज्येष्ठ किती राहतात. चार दिवस आलेला पाहुणा मोजला जाऊ नये म्हणून नियम असा, की वर्षभरात तीन महिन्यांहून जास्त ज्याची पावलं उमटली, तो त्या घरचा.

आणि नुसत्या यंत्रावर विसंबायचं नाही, म्हणून पाहणीसेविका घरोघरी जाऊन तोंडी विचारायच्या, "तुमच्याकडे ज्येष्ठ राहतात का, किती?" लोकांचं उत्तर आणि डबीचं उत्तर ताडून बघायचं. दोन्ही इतकी तंतोतंत जुळायची, की परदेशातून तज्ज्ञ हे बघायला यायचे. रेवतीला त्याचा केवढा अभिमान होता!

तुळशीचं लग्न उरकलं आणि भूषणच्या मुलाचं, ईशानचं, लग्न ठरवायची बोलणी सुरू झाली. मुलगी खामगावची. पोरापोरींनी आपलं आधीच ठरवलेलं होतं, पण रीत म्हणून मुलीकडची मंडळी अकोल्याला आली. त्यासाठी तेजस वर्ध्याहून आला, आणि रेवती आईला घेऊन नागपूरहून गेली.

पोहे झाले, चहा आला. मुलीची मावशी मोठी बोलकी बाई. तिने ईशानचं शिक्षण, पगार, दोन्ही वेळा जेवतो की नाही, सगळं विचारून घेतलं, आणि मग सोफ्यावर मधोमध बसलेल्या पुष्पाबाईंकडे बघून म्हणाली, "आणि आजी कोणाकडे असतात?"

"आमच्याकडेच," भूषण म्हणाला.

"आमच्याकडेच," तेजस म्हणाला.

"आमच्याकडेच की," रेवतीच्याही तोंडून गेलं.

तिघं एकदमच बोलले. मग मावशीने तोंडाला पदर लावला.

"अगं बाई! म्हणजे आजी तीन आहेत की काय?"

हशा पिकला. पुष्पाबाई तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. भूषणची बायको मोनाली लाजून आत पळाली आणि लाडू घेऊन परत आली. हसली नाही ती एकटी रेवती. ती कप हातात धरून तशीच बसून राहिली. आजी तीन. आजी तीन आहेत.

पाहुणे निघाल्यावर तिने तेजसला गाठलं.

"तेजस, तुझ्याकडे पाहणीवाली आली होती?"

"आली होती ना, दिवाळीच्या आधी."

"काय विचारलं तिने?"

"तेच, ज्येष्ठ राहतात का. मी म्हटलं, हो, आई असते आमच्याकडे."

"पण तेव्हा आई माझ्याकडे होती!"

"मग काय झालं?" तेजस वैतागला. "त्या बाईला काय सांगू ताई, की आई आमच्याकडे नसते? आमच्या दारात उभी राहून ती काय समजेल माझ्याबद्दल? आणि खोटं कुठे आहे? चार महिने असतेच की."

"दादा, तू?"

"मी मोठा आहे," भूषण म्हणाला, जणू त्यात सगळं आलं. "आई मोठ्याकडे असते. तुमच्याकडे येते ती जरा बदल म्हणून."

रेवतीकडेही सेविका आली होती. तिने काय उत्तर दिलं होतं ते सांगायची गरज नाही. आणि तिन्ही घरांच्या डब्यांनी तेच कळवलं असणार, कारण तिन्ही घरांत आई तीन महिन्यांच्या वर राहिलेली होती. डबी खोटं बोलली नाही, लेकरंही तशी खोटं बोलली नाहीत. पण देशाच्या हिशेबात पुष्पाबाई गावंडे तीन होत्या.

परतीच्या वाटेवर आई शेजारी डुलक्या घेत होती आणि रेवतीचं डोकं भणभणत होतं. किती घरांत म्हातारी माणसं अशी फिरती असतील? आपल्याच इमारतीतले जोशी आजोबा वर्षातून सहा महिने पुण्याला. समोरच्या ताजबाग रस्त्यावरच्या म्हाताऱ्या खाला दोन मुलींकडे पाळीपाळीने. ऑफिसात असं कोण नव्हतं? आणि मग तिला पुढचं दिसलं. माणूस गेला की दाखला एकच निघतो. जिवंतपणी मात्र तो तीन घरांत मोजला जात होता. म्हणजे जनवेधला जिवंत म्हातारे दिसत होते ढीगभर, आणि जाणारे त्या मानाने मूठभर. यंत्राने त्याचा सरळ अर्थ लावला, की या देशात म्हातारी माणसं मरतच नाहीत! अठ्ठ्याण्णव वर्षं कुठून आली ते तिला कळलं. पेन्शनवाल्यांची संख्या इतकी कमी का भरते, हा प्रश्न मागे एकदा निघाला होता. तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, की बाकीच्यांना पेन्शन मिळतच नसेल, आपला देशच गरीब. झालं, विषय संपला होता.

पण लगेच दुसरा विचार आला. आपल्याला आईला वाचवायचंय, म्हणून तर हे सगळं सुचत नाहीये ना? बुडत्याला काहीही दिसतं.

सोमवारी ती काळमेघांसमोर उभी राहिली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मॅडम, मतदानाला दहा दिवस राहिलेत. अठ्ठ्याण्णवचा आकडा संसदेत वाचून दाखवलाय. दोनशे तज्ज्ञांनी तपासलाय."

"सर, त्या दोनशे तज्ज्ञांनाही आया आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे त्या सगळ्यांच्या आया त्यांच्याकडेच असतात."

काळमेघांच्या मिशा हलल्या. "आमच्याकडे तसलं काही नाही हं. माझे वडील आमच्याकडेच असतात. चंद्रपूरला हेमंतकडे जातात, पण ते आपलं हवापालट म्हणून."

"हेमंतरावांना विचारून बघा ना सर."

"काय विचारू?"

"बाबा कोणाकडे राहतात."

काळमेघांनी तिच्याकडे रागाने पाहिलं. मग, माणूस सरळ होता म्हणून, फोन लावला आणि आवाज मोठा केला. चंद्रपूरहून हेमंतराव काळमेघ प्रसन्न आवाजात बोलले.

"हेमंत, एक सांग. कोणी विचारलं की बाबा कोणाकडे राहतात, तर तू काय सांगतोस?"

"हा काय प्रश्न झाला दादा? आमच्याकडेच."

"अरे, पण आत्ता ते माझ्या घरी आहेत! देवपूजा चाललीय त्यांची!"

"असू देत ना, होळीपर्यंत आहेतच. पण राहायला आमच्याकडे. का रे, कोणी काही बोललं का?"

काळमेघांनी फोन ठेवला. चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "बोला," ते म्हणाले. "काय करायचं?"

उपाय रेवतीने गाडीतच शोधून ठेवला होता, आणि तो इतका साधा होता की सांगताना तिलाच लाज वाटली. आजवर डबीला विचारलं जात होतं, की वर्षभरात इथे कोण राहिलं? आता विचारायचं, की या क्षणी घरात किती ज्येष्ठ आहेत? देशातल्या सगळ्या डब्यांना एकाच वेळी. माणूस वर्षात तीन घरांत राहू शकतो, पण एका क्षणी तो एकाच घरात असतो. चाल बाहेर पाठवायची नाही, फक्त किती जण ते सांगायचं. न्यायालयाची अट मोडत नव्हती. वेळ रविवारी सकाळची, चहाची. देवळात जाणारेही तोवर घरातच असतात, आणि दवाखान्यांतल्या, वृद्धाश्रमांतल्या खाटा वेगळ्या मोजता येतात.

"एक अट माझी," रेवती म्हणाली. "हे उत्तर मी नाही बघणार. शबाना बघेल."

शबाना काझी तिच्या शेजारच्या विभागात होती आणि दोघींचं फारसं सख्य नव्हतं. रेवतीचा आकडा चुकलेला शबानाला आवडला असता, आणि बरोबर निघाला असता तर तिने तोही तोंडावर सांगितला असता. अशाच माणसाच्या हाती हे द्यायला हवं, एवढं रेवतीला कळत होतं.

त्या रविवारी रेवती केंद्राच्या पायऱ्यांवर बसून राहिली. आत जायचा धीर होईना. घरी आईने सकाळी विचारलं होतं, "आज सुट्टीचं काहून चालली?" आणि तिने काहीतरी थाप मारली होती. आकडा तोच राहिला तर काय? उन्हाळ्यात आईची ती निळी बॅग गाडीत ठेवायची, मेळघाटच्या पायथ्याशी उतरवायची, आणि परत येऊन पुन्हा माणसं मोजायची. आणि महिन्यातून एक रविवार! आई तिथे कोणाशी बोलेल? सेवायंत्रांशी? ती त्यांनाही "पुढे सरका" म्हणेल, आणि ती बिचारी सरकतील, आणि मग कोणाला काय म्हणेल? रेवतीने डोळे पुसले. देवाला हात जोडायची तिला सवय नव्हती, पण त्या दिवशी तिने जोडले.

दार उघडून शबाना बाहेर आली.

"रेवती, अगं हे काय आहे? आपल्या हिशेबातल्या दर पाच म्हाताऱ्यांपैकी दोन नाहीतच!"

"नक्की?"

"तीनदा चालवून पाहिलं. तुझं नाक कापायला मिळतंय म्हणून आनंदाने चालवलं, खरं सांगते. पण इतकी मोठी चूक! कुठे गेली ही माणसं?"

"कुठेच गेली नाहीत गं," रेवती म्हणाली, आणि तिचा बांध फुटला. "ती नव्हतीच. ती फक्त प्रवासात होती."

शबाना तिच्याशेजारी पायरीवर बसली आणि रेवती तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. थोड्या वेळाने शबाना हळूच म्हणाली, "माझी अम्मी सहा महिने सोलापूरला असते. पाहणीवालीला मी सांगितलं होतं, आमच्याकडेच." मग दोघी रडता रडता हसायला लागल्या. पहारेकऱ्याने येऊन पाणी विचारलं.

काळमेघ मात्र वाघ निघाले. त्याच संध्याकाळी ते दिल्लीला गेले आणि मंत्र्यांसमोर उभे राहून सांगून आले, की आकडा चुकला आहे, चूक आमची आहे, आणि विधेयक त्याच आकड्यावर उभं आहे. मंत्री भडकले, म्हणतात. मग मंत्र्यांनी विचारलं, चूक झाली कशी? काळमेघांनी विचारलं, "साहेब, आपल्या मातोश्री कोणाकडे असतात?" पुढे काय झालं ते काळमेघ कोणाला सांगत नाहीत. एवढं खरं, की मतदानाच्या दिवशी विधेयक मागे घेतलं गेलं. नव्या हिशेबात दर दोन कमावत्यांमागे पुरता एक म्हाताराही येत नव्हता. ओझं होतं, पण पेलणारं. विसावानगरात ज्याला मनापासून जायचंय त्याने जावं, असं ठरलं. वर्तमानपत्रांनी जनवेधची यथेच्छ टर उडवली, आणि केंद्रातल्या कोणालाही त्याचं काही वाटलं नाही.

विधेयक मागे घेतलं त्या दिवशी रेवती घरी पोचली तेव्हा पुष्पाबाई वांगी चिरत होत्या.

"आई, विसावानगर रद्द! तुला कुठेही जायचं नाही!"

पुष्पाबाईंचा विळीवरचा हात थांबला. त्यांनी डोळे मिटले, एक लांब श्वास सोडला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा रेवतीच्या लक्षात आलं, की आई किती भ्यालेली होती. सगळे विनोद त्या भीतीवरच चालले होते.

"खरं सांगते?"

"खरं गं. आकडाच चुकला होता. माणसं अठ्ठ्याण्णव नाही, एक्क्याऐंशी वर्षं जगतात."

पुष्पाबाईंनी हिशेब केला. "म्हणजे माझी चारच राहिली?"

"नाही, नाही! अगं ते सरासरी आहे, लहानपणी गेलेलेही त्यात धरलेले. सत्त्याहत्तरपर्यंत जो पोचला त्याचं पुढे अजून पुष्कळ असतं."

"असलं तर असू दे, नसलं तर नसू दे," पुष्पाबाईंनी पुन्हा वांगं उचललं. "अठ्ठ्याण्णव म्हणजे कटकटच होती बाप्पा. मले तर ऐकूनच थकवा आला होता. भाजीत शेंगदाणे टाकू?"

"टाक," रेवती म्हणाली आणि आईला मागून मिठी मारली. पुष्पाबाई "अगं विळी, विळी!" असं ओरडल्या, पण हलल्या नाहीत.

सुटका झाली खरी, पण रेवतीच्या मनात एक कुसळ राहिलं. पाचांपैकी दोन ज्येष्ठ हिशेबात जास्तीचे आले, याचा अर्थ देशभर किती माणसं बॅगा घेऊन या घरातून त्या घरात जात होती! कोणी आवडीने, कोणी नाइलाजाने, कोणी भांडणं टाळायला. आणि इतक्या वर्षांत एकाही पाहणीने त्यांना स्वतःला काही विचारलं नव्हतं. विचारलं लेकरांना, विचारलं फरशीला. ज्यांची पावलं मोजली, त्यांच्या तोंडून एक अक्षर ऐकलं नव्हतं. हे तिला फार लागलं. म्हणून नव्या पाहणीत तिने पहिलाच प्रश्न थेट ज्येष्ठांसाठी घातला: तुम्ही कोणाकडे राहता? निवडायला उत्तरं तीन दिली. एकाच घरी, आलटूनपालटून, स्वतंत्र.

पाहणीची चाचणी जानेवारीत नागपुरातून सुरू झाली. केंद्रातल्या लोकांची घरं आधी घ्यायची, असं काळमेघांनी मुद्दाम ठरवलं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी शीतल नावाची सेविका रेवतीच्या घरी आली. तेजस आईला वर्ध्याला न्यायला आलेला होता, आणि ईशानच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन भूषणही आला होता. तिघं ओळीने बसले.

"यांना नाही, मला तुमच्याशी बोलायचंय आजी," शीतल म्हणाली.

"बोल ना. माझ्याशी बोलायला कधी तिकीट लागत नाही."

"तुम्ही कोणाकडे राहता?"

भूषणने तेजसकडे पाहिलं, तेजसने जमिनीकडे. आता आई खरं काय ते सांगणार, आणि ते आपल्याला ऐकावं लागणार, असं तिघांनाही एकदमच वाटलं.

पुष्पाबाईंना मात्र प्रश्नच कळलेला दिसेना. त्यांनी शीतलकडे जरा नवलाने पाहिलं.

"मी? मी काहून कोणाकडे राहू? हे तिघं राहतात माझ्याकडे. एकदम तिघं झेपत नाहीत आता, म्हणून एकेकाला चार-चार महिने घेते."

शीतलने गोंधळून रेवतीकडे पाहिलं. "मॅडम, हे तिन्हींपैकी कशात बसवू?"

भूषणने पुढे होऊन आईच्या गुडघ्यावर हात ठेवला होता आणि तेजस तोंड फिरवून नाक शिंकरत होता.

"बसवू नका," रेवती म्हणाली. "आई म्हणाली तसंच घ्या."